हात लावावा, मग नाव घ्यावं

आमच्या गल्लीत कुणी कलिंगड आणलं की कापायच्या आधी ते तात्यांना दाखवायची रीत होती. तात्या ते मांडीवर घेत, मधल्या बोटाचं पेर वाकवून दोन-तीन ठिकाणी टकटक करत, कान लावत आणि निकाल देत. "कापा," नाहीतर "ऱ्हाऊ द्या दोन दिस." निकाल चुकला तर दोष कलिंगडाचा. माझं एक कलिंगड आतून पांढरंफटक निघालं. मी तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, आवाज बरोबर व्हता. फळच लबाड निघालं." तात्यांना जाऊन आता दुसरा उन्हाळा आला. परवा मी कलिंगड न ठोकताच कापलं. चांगलं गोड निघालं, पण एक फोड खाऊन बाकीचं गल्लीत वाटून टाकलं.

रंगनाथ बोरस्ते हे त्यांचं नाव. निफाडकडच्या खेड्यातले, पण बागायत भावावर सोपवून स्वतः एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नाशिकरोडला जेलरोडच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. त्यांची सगळी नोकरी कोळशाच्या बाजूला गेली. वरून कोळसा उतरणाऱ्या जाड लोखंडी नळात तो कुठेतरी अडकतो, बाहेरून दिसत नाही. मग ठोकायचं आणि आवाजावरून ओळखायचं. ही खोड निवृत्तीनंतरही बोटात राहिली. नारळ, फाटक, भिंत, पाण्याची टाकी, काही सोडत नसत. आमच्या ह्यांना खोकला झाला होता तेव्हा त्यांच्या पाठीवरही ठोकून पाहिलं होतं आणि "डाव्या बाजूला जाम हाय" असं डॉक्टरांच्या आधी सांगितलं होतं. डॉक्टरांना मात्र दोन्ही बाजू साफ सापडल्या.

दुसरी खोड होती नाव घेण्याची. वीज केंद्रात शेजारशेजारी सारखे दिसणारे व्हॉल्व्ह असतात. घोटाळा होऊ नये म्हणून तात्या नव्या पोरांना शिकवत, की आधी हात लावायचा, मग मोठ्यानं नाव घ्यायचं आणि मगच फिरवायचं. ते बाजारातही तसंच वागत. वांग्यावर हात ठेवून "वांगं" म्हणत आणि मग भाव विचारत. भाजीवाली हसून म्हणायची, "तात्या, मला म्हाईत हाय वांगं हाय ते." त्यावर तात्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "हात लावावा, मग नाव घ्यावं. लांबून नाव घेतलं का माणूस फसतं."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, नितीनला, मुलगी झाली तेव्हा मला ह्या खोडीचा दुसरा पदर दिसला. नितीन इंजिनिअर होऊन जपानला गेला, तिथल्याच हारुका नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्या डोंगरातल्या गावी राहायला लागला. मुलीचं नाव त्याने मीना ठेवलं, म्हणजे दोन्हीकडे चालेल. सुमनताई, तात्यांच्या पत्नी, फोनवर "मीनू, मीनू" करून घर डोक्यावर घेत. तात्या मात्र "ती पोरगी काय म्हणती?" एवढंच विचारत. "अहो, नाव घ्या की नातीचं," सुमनताई चिडवायच्या. तात्या म्हणायचे, "आधी हात तर लागू दे तिला." पोर चालायला लागली, शाळेत जायला लागली. पुढच्या वर्षी आणतो, पुढच्या वर्षी आणतो, असं नितीन म्हणत राहिला.

एका हिवाळ्यात तिकडे बर्फावरून त्याची गाडी घसरली आणि दरीत गेली.

तात्यांकडे पासपोर्ट नव्हता, सुमनताईंचे गुडघे गेलेले. मुलाचं शेवटचं सगळं दोघांनी आमच्या बैठकीत बसून माझ्या मोबाइलवर पाहिलं. त्या दिवसाविषयी मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की तिथे दहनानंतर घरची माणसं काड्यांनी एकेक हाड वेचून भांड्यात ठेवतात, आणि हारुकाने ते स्वतःच्या हाताने केलं. मग ते भांडं गावच्या देवळामागे, तिच्या घरच्या लोकांच्या समाधीच्या दगडाखाली ठेवलं. ती माणसं अस्थी सोडत नाहीत, राखून ठेवतात.

आणि आम्ही राहतो नाशकात. कुठून कुठून लोक हाडं घेऊन येतात इथे. रामकुंडात हाडाचं पाणी होतं, जीव सुटतो, ही श्रद्धा आम्ही दुधाबरोबर प्यायलेलो. सुमनताई सारखं एकच म्हणत, "सगळा मुलूख इथं येतो हो मॅडम. मनमाडला गाड्या बदलून, लेकरं काखेला मारून येत्यात. आन माझं पोर तेवढं परक्या डोंगरात दगडाखाली दाबून ठेवलंय." गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकण्याचा मार्ग सांगितला. सुमनताई उसळून म्हणाल्या, "गवताचा बाहुला करून माझ्या पोराला पोचवू नका." मला त्यांचं पटलं. तेव्हाही पटलं होतं, आणि आजही त्यांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. एका संध्याकाळी तात्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचंही नाव घेणं सोडलं होतं. "पोरगा" म्हणत, तेही खालच्या आवाजात. म्हणाले, "मॅडम, तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलं. मला एकच वाक्य पाहिजे." आमच्या मुलाच्या अस्थी कृपा करून आम्हाला द्या, हे ते वाक्य. हारुकाला मराठी येत नाही, तात्यांना जपानी नाही. तिला शाळेतलं थोडं इंग्रजी, ह्यांना व्हॉल्व्हांवरच्या पाट्यांपुरतं. मी मोबाइलमधलं भाषांतर दाखवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन पदराखाली घेतला. "मशिनीला मधी घालून पोराचं हाड मागू का मी?"

मी त्यांना ते वाक्य दिलं. आठवडाभर तात्या आमच्या फाटकाशी उभे राहून, एकेका शब्दाला लोखंडावर एकेक टक देत, ते घोकत होते. सुमनताईंनी त्यांच्या बॅगेत सगळ्यात खाली, लाल कापडात बांधून, रिकामा तांब्याचा कलश ठेवला. विमानतळावरच्या तपासणीत तो काढावा लागला. तपासणाऱ्या मुलीने "यह क्या है?" विचारलं. तात्यांनी कलशावर हात ठेवला, पण नाव काही तोंडातून निघालं नाही. तिने बहुतेक ओळखलं असावं, गाठ न सोडताच परत दिला.

महिनाभराने तात्या आले. मी चहा टाकला होता. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं वाक्य वापरलं नाय. जसंच्या तसं परत आणलंय."

पुढे कितीतरी संध्याकाळी थोडं थोडं करून त्यांनी मला जे सांगितलं ते असं. हारुकाचं गाव म्हणजे जुन्या काळी पायी राजधानीला जाणाऱ्यांचं मुक्कामाचं ठिकाण. दगडी फरसबंदीचा चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळी पडलेली लाकडी घरं, कडेने खळाळतं पाणी आणि त्यावर पाणचक्की. घरं शेकडो वर्षांपूर्वी होती तशी राखलेली, लोक बघायला येतात. हारुका तिथल्याच एका जुन्या मुक्कामघरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना जागा दाखवायचं काम करते. तिथे प्रत्येक वस्तूखाली पाटी आहे, वर जपानीत नाव, खाली इंग्रजीत.

"पहिल्या दिशी मी आन ती बुटक्या टेबलापाशी समोरासमोर बसलो," तात्या म्हणाले. "ती माझ्याकडं बघंना, मी तिच्याकडं बघंना. बोलायचं काय? मग ती मला कामावर संगट घेऊन गेली. मी आपला सवयीनं खांबाला हात लावला आन तिच्याकडं पाह्यलं. तिनं पाटी वाचली. पिलर. मी म्हणलं, पिलर. ती म्हणली, पिलर. झाली सुरुवात."

मग रोज तेच. मीना शाळेत गेली की सासरा आणि सून गाव बघत फिरायचे. तात्या हात लावायचे, हारुका पाटी वाचायची, दोघं मिळून नाव घ्यायचे. चूल म्हणजे हार्थ. भिंतीच्या पुढे आलेलं छप्पर म्हणजे ईव्ह्ज. कंदील लँटर्न, शेवाळ मॉस, पाणचक्की वॉटरव्हील. गवताच्या छपराला थॅच म्हणतात, पण तात्या ते 'सॅच' म्हणत. जन्मभर मुलांचे उच्चार सुधारलेली बाई मी, मला राहवेना. "तात्या, थॅच." तात्या म्हणाले, "ती सॅच म्हणती. मला तिच्याशी बोलायचंय मॅडम, तुमच्याशी नाय."

असं ते विचित्र इंग्रजी तयार झालं. त्यात काल नव्हता, उद्या नव्हता, का नव्हतं, कसं नव्हतं. माफ कर, आठवण येते, राहा, जाऊ नको, ह्यातलं काही नव्हतं. जेवढं डोळ्यांना दिसलं आणि हाताला लागलं तेवढंच होतं. संध्याकाळी हारुका न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या लाकडी टाकीवर हात ठेवून म्हणायची, "तात्या, बाथ." आधी नात, मग आजोबा. तो दिवसाचा शेवटचा शब्द.

एकदा तिथल्या छोट्या स्टेशनवर तात्यांनी पाहिलं, की पांढरे हातमोजे घातलेला रेल्वेचा माणूस सिग्नलकडे बोट करतो, मोठ्याने काहीतरी म्हणतो आणि मगच गाडी सोडतो. कुणी ऐकायला नाही, तरी म्हणतो. "माझ्याच खात्यातला माणूस, मॅडम!" हे सांगताना तात्यांचे डोळे भरून आले. तिकडच्या सगळ्या गोष्टींत त्यांना आनंदाची म्हणून सांगता आली ती एवढीच.

आणि मग तो दगड. देवळामागे रोज सकाळी हारुका आणि मीना जायच्या, तात्याही जायचे. मीना दगडावर पाणी घालायची, स्वतःच्या रुमालाने पुसायची, आणि बापाला शाळेतलं काहीबाही सांगत बसायची. तात्यांना त्यातला 'पापा' तेवढा कळायचा. पहिल्या दिवशी हारुकाने हात ठेवून शब्द दिला, "स्टोन." तात्यांनी सवयीने बोट वाकवलं आणि तसंच मागे घेतलं.

"ठोकलं असतं तर मला कळलं असतं, आत भरीव हाय का पोकळ," ते म्हणाले. "ते मला कळून घ्यायचं नव्हतं."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी हिंमत केली. दगडापाशी उभं राहून वाक्य सुरू केलं, प्लीज गिव्ह, एवढं बोलून झालं. हारुका गवत उपटत होती. तिने मान वर केली. "गिव्ह?" मीना दगडाच्या कडेतली माती नखाने काढत होती. तात्या म्हणाले, "वॉटर." हारुकाने पाणी घालायच्या पळीचा दांडा त्यांच्या हातात दिला. तात्यांनी मुलावर पाणी घातलं आणि रिकामा कलश घेऊन परत आले.

"तिथं पोरगी रोज बापाशी बोलती मॅडम. मी त्याला हितं आणून पाण्यात सोडला तर तिनं बोलायचं कोणाशी?"

"पण सुमनताई?" मी विचारलं.

"तेच तर," एवढं म्हणून ते उठले.

सुमनताईंनी बॅग उघडली, लाल कापडाची गाठ आपणच मारलेली आहे तशीच आहे हे पाहिलं, आणि कलश फडताळात पालथा ठेवला. त्या दिवसापासून त्या तात्यांशी बोलेनाशा झाल्या. स्वयंपाक होई, ताट वाढलं जाई, पण शब्द त्यांच्याकडे पाहून यायचा नाही. "ज्याला जेवायचं त्यानं जेवून घ्यावं," असं भिंतीला सांगत. मी गेले की माझ्यामार्फत कारभार चाले. "मॅडम, विचारा बरं, गोळ्या घेतल्या का?" तात्या दोन हातांवर बसलेले. तेही मलाच सांगत, "घेतल्या म्हणावं." मी त्यांची पोस्टमन झाले होते. सुरुवातीला मी त्यावर विनोद करायची. मग महिने गेले, सण गेले, त्या घरात दिवाळीला पणती लागली नाही, आणि मला विनोद सुचेनासे झाले.

तात्यांनी मात्र एक नवीन उद्योग काढला. दर रविवारी ते नाशकातल्या एखाद्या ठिकाणी जायचे, तिथून हारुकाला व्हिडिओ फोन लावायचे आणि वस्तूला हात लावून दाखवायचे. आता नातीचं नाव मोकळेपणी घेत. पांडवलेण्यांच्या पायऱ्या धापा टाकत चढून दगडावर हात ठेवला. "मीना, स्टोन!" भद्रकालीत एका जुन्या घराच्या कोरीव खांबाला हात लावला. "पिलर!" घरमालकाने बाहेर येऊन कोण तुम्ही म्हणून विचारलं. सोमेश्वरच्या धबधब्यावर फोन पाण्यात पडता पडता वाचला. तिकडून आई आणि मुलगी सुरात नावं घ्यायच्या, मग त्या एखादी वस्तू दाखवायच्या. अर्धा तास हे चाले.

सुमनताई एकदा मला म्हणाल्या, आणि मुद्दाम तात्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सगळं नाशिक दाखवून झालं. रामकुंड तेवढं सापडंना वाटतं माणसाला."

खरंच, गोदाघाटावर तात्या फोन घेऊन कधीही गेले नाहीत.

त्या फोनवरूनच आणखी एक काटा रुतला. हारुकाच्या गळ्यात चांदीची बारीक साखळी असायची, तिला बोटाच्या पेराएवढं एक बंद पदक. सुमनताईंनी ते पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. "नवरा जाऊन वरीस नाय झालं आन गळ्यात दागिना. म्हणून देईना ती. तिला कशाला पाहिजे तो दगडाखालून निघायला?" मी आपलं म्हटलं, तिकडची रीत वेगळी असेल. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "पाह्यलंय मी ते. कायम घालती. पण सुनेच्या गळ्यातल्या वस्तूला सासऱ्यानं हात लावायचा असतो का? त्याचं नाव नाय घेतलं आम्ही." एवढ्या महिन्याभराच्या फिरण्यात तेवढी एकच वस्तू बिननावाची राहिली होती.

मग नितीनला जाऊन वर्ष व्हायच्या सुमाराला हारुकाने कळवलं, मीनाला सुट्टी आहे, आम्ही येतो.

सुमनताईंनी पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. ते त्यांच्या रक्तातच नव्हतं. पोरीला मांडीवर घेऊन गूळ-शेंगदाणे भरवले, केसांना तेल लावलं, तिची जपानी बडबड "हां, मग?" म्हणत ऐकली. सुनेलाही ऊन-ऊन वाढलं. फक्त तिच्या गळ्याकडे पाहायचं टाळलं. हारुका बारीक, शांत, सारखी कमरेत वाकणारी. घरातल्या प्रत्येक भांड्यावर हात ठेवून ती तात्यांकडे पाहायची, आणि तात्या नाव घ्यायचे, पोळपाट, उलथनं, खलबत्ता. आता मराठी.

परतीच्या आदल्या दिवशी सकाळी सुमनताई माझ्याकडे आल्या. हातात पिशवी होती. म्हणाल्या, "आज मायलेकींना रामकुंडावर न्यायचं. सांगा म्हणावं."

तात्या ओट्यावरच उभे होते. त्यांनी ऐकलं. चपला घालताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही चला. पण मधी बोलू नका. तिनं विचारलं तरी नका."

"का हो? मी नीट सांगेन की तिला सगळं."

"तुम्ही बरोबर सांगाल. बरोबर सांगितलं का ते मागणं होतं. आन सून हाय ती, नाय कसं म्हणता येईल तिला?" त्यांचा चेहरा इतका ओढलेला होता की मी मान हलवली.

त्यानंतर तात्या पुष्कळ दिवस माझ्या समोरच्या घरात वावरले, आजारी पडले, गेले. त्यांना रामकुंडात सोडायला मीही गेले होते. पण माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्या सकाळचंच आहे. नंतरचे तात्या मला नीटसे आठवतच नाहीत.

घाटावर नेहमीसारखी गर्दी होती. ओली धोतरं, फुलांच्या टोपल्या, गुरुजींच्या हाका. मीना आजोबांचं बोट धरून पायऱ्या उतरत होती. आमच्या पुढ्यातच परगावचं एक कुटुंब बसलं होतं. मुंडण केलेल्या मुलाने लाल कापड सोडलं आणि आतलं सगळं पाण्यात ओतलं. हारुका थबकली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाडं कशी दिसतात ते तिला ठाऊक होतं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली, आणि मग तिने वळून तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात सुमनताई खाली बसल्या. पिशवीतून तो तांब्याचा कलश काढला आणि हारुकाच्या पायांपाशी, पायरीवर ठेवला. कलश रिकामा होता, तो त्यांनी तिरका करून दाखवला. मग त्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "नितीन."

तात्या दचकले. मला वाटतं, बायकोने आपली भाषा आपल्या नकळत शिकून घेतलीय हे त्यांना तेव्हा कळलं.

हारुका पायरीवर गुडघे टेकून बसली. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन ती साखळी काढली, ते बंद पदक तळहातावर घेतलं, दुसरा हात त्यावर ठेवला आणि म्हणाली, "नितीन."

सगळा तो डोंगरातल्या दगडाखाली नव्हता. त्याच्या हाडाचा एक कण तिने जवळ ठेवला होता, आणि तो अंगावर घेऊन ती वर्षभर हिंडत होती. सुमनताईंच्या तोंडून कसला आवाज आला ते मला सांगता येणार नाही. ज्या दागिन्यावर त्यांनी इतके महिने दात धरला होता तो हारुकाने त्यांच्या हातात ठेवला, आणि कमरेत वाकली.

सुमनताई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरत पाण्याकडे निघाल्या. मुठीत साखळी होती. हारुका ताठ झाली. ती देऊन बसली होती, पण तिचे डोळे त्या मुठीवरून हलत नव्हते. मीनाने आईचा कुडता धरला आणि काहीतरी विचारलं. त्यात पापा होता. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणाच्या बाजूने ओरडू ते कळेना.

तात्या हारुकाजवळ गेले. ते म्हणाले, "बाथ."

त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? सुमनताई पाण्यात उतरून काय करणार हे त्या घाटावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते पुन्हा म्हणाले, "हारुका, बाथ," आणि पाण्याकडे बघत राहिले.

सुमनताईंनी साखळी मनगटाला दोनदा गुंडाळली. पदक तळहातावर घेऊन पाण्यात बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते चोळलं, पुढून, मागून, कडेने. ओठ हलत होते. मग पदराने टिपून कोरडं केलं, पुन्हा एकदा टिपलं, आणि वर आल्या.

त्या हारुकाकडे जाणार असं मला वाटलं. पण त्या तात्यांसमोर थांबल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तळहात पुढे केला.

"हात लावा," त्या म्हणाल्या.

तात्यांचं बोट जन्माच्या सवयीने वाकलं. मग त्यांनी ते सरळ केलं, सगळा पंजा त्या पदकावर ठेवला. बायकोचा हात खाली, ह्यांचा वर.

"नितीन," तात्या म्हणाले.

सुमनताईंनी साखळी हारुकाच्या गळ्यात घातली. बोटं ओली होती, मागचा आकडा काही केल्या लागेना. त्या खटपट करत होत्या, हारुका मान वाकवून उभी होती, आणि तात्या पायरीवर तसेच, हात पुढे धरून.